सोलापुरात न मोजलेली मुलं

"उन्हाळ्याच्या सुट्टीत माणसं महाबळेश्वरला जातात, आणि तू सोलापूरला निघालीस? डोकं ठिकाणावर आहे ना, वन्सं?" वहिनीनं शेवटपर्यंत हाच घोशा लावला होता. तिचं चुकीचं नव्हतं. वैशाखात सोलापूरला आपण होऊन जाणारं माणूस मीही दुसरं पाहिलेलं नाही.

पण मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या माझ्यासारख्या विधवेला फिरायला मिळतं ते असंच, कामाच्या निमित्तानं. पुण्यातली एक आरोग्यसंस्था सोलापूरच्या विणकरवस्तीत तान्ह्या मुलांच्या मृत्यूची चौकशी करणार होती. घरोघर जाऊन तक्ते भरायचे होते, बाळंतिणी पुरुषांशी बोलायच्या नाहीत, म्हणून लिहिता-वाचता येणारी बाई हवी होती. जाण्यायेण्याचा खर्च संस्थेचा. मी लगेच हो म्हटलं. या चौकशीवर वस्तीतला एक नळ अवलंबून आहे, हे मला तिथं गेल्यावर कळलं.

पहिला दिवस

सकाळची पॅसेंजर घ्यावी, असं मी जाणाऱ्यांना सांगेन. मेलमध्ये तिसऱ्या वर्गात पाय ठेवायला जागा मिळत नाही, पॅसेंजरमध्ये निदान खिडकी मिळते. तिकीट तीन रुपयांच्या आतबाहेर. दौंड सोडलं की झाडं संपतात, आणि मग नुसती काळी भेगाळलेली रानं. कुर्डुवाडीला गाडी बराच वेळ थांबते. पुरीभाजी बरी मिळाली, आणि तांब्याही भरून घेता आला. फलाटावर एक जण "हिंदू पाणी" म्हणून ओरडत होता, दुसरा "मुसलमान पाणी" म्हणून. दोघांचे हंडे एकाच नळाखाली भरत होते हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा हसू आलं होतं. परतीच्या प्रवासात तेच पाहून तळपायाची आग मस्तकात गेली, पण ते पुढे सांगते.

सोलापूर आलं ते गिरण्यांच्या धुराड्यांवरून कळलं. स्टेशनाबाहेर टांगेवाले सहा आणे मागतात, चार आण्यांवर येतात. माझा टांगेवाला म्हातारा मुसलमान होता. भवानी पेठेच्या पलीकडे माग आहेत त्या वस्तीत उद्यापासून जायचंय, म्हटल्यावर त्यानं मान मागे वळवली.

"उधर कायकू जाते बाई? वहाँ का पानी नक्को पीना. घोडे को बी नै पिलाता मैं."

मी शाळेतल्या मैत्रिणीच्या मामांकडे उतरले होते. संध्याकाळी ज्वारीची कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दही असं जेवण झालं. ती चटणी तेल सुटेस्तोवर उखळात कुटतात. आमच्याकडचा दाण्याचा कूट आता मी चटणी म्हणून पुढे ठेवायची नाही.

दुसरा दिवस

पहाटे सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन आले. तळ्याच्या मधोमध देऊळ, कोवळं ऊन, बाजूला भुईकोटाचा तट. जाणाऱ्यांनी आठाच्या आत जाऊन यावं, नंतर फरशीवर पाय ठेववत नाही.

नऊला डाकबंगल्यावर हजर झाले. चौकशीचे मुख्य डॉक्टरसाहेब तरुण होते, विलायतेहून शिकून आलेले. माणूस वाईट नव्हता. स्वतःचा चहा थांबवून त्यांनी मला तक्ता समजावून दिला. प्रत्येक मुलामागे एक ओळ: नाव, मुलगा की मुलगी, वय, हयात की मयत. खाली छापलेली सूचना: 'नावाशिवाय नोंद करू नये.'

"ती सूचना कडक पाळा, बाई," ते म्हणाले. "वस्तीला दुसरा नळ हवाय. तान्ही मुलं विहिरीच्या पाण्यानं दगावतात, असा त्यांचा अर्ज आहे. नगरपालिका म्हणते, आधी मृत्यू दाखवा. तेव्हा नळासाठी कोणी हवी तेवढी मेलेली मुलं सांगेल."

मला ते त्या वेळी पटलं. आज लाज वाटते, पण पटलं होतं.

वस्ती म्हणजे दोन लांब ओळी. पद्मशाली विणकरांची घरं, घराघरात जमिनीत खड्डा आणि खड्ड्यात पाय सोडून बसलेला विणकर. बायका रहाटावर सुताच्या कांड्या भरतात. बोळात बांबूवर उभ्या सुताचे ताणे पसरून त्यांना पेजेची खळ लावायचं काम चाललेलं. घरात तेलुगू, बाहेर मराठी. सगळ्या वस्तीत नळ एकच, तो सकाळी तासभर येतो आणि पहिल्या ओळीतच संपतो. मागच्या ओळीनं जायचं विहिरीवर. विहिरीच्या वरच्या अंगाला सूत रंगवणाऱ्यांची गटार. दिवसाप्रमाणे तिचा रंग लाल नाहीतर निळा. काठावरून वाकून पाहिलं, तर पाण्यावरही त्याच रंगाचा तवंग.

मागच्या ओळीत सातवं घर राजव्वाचं. वय असेल पंचविशीचं, सातवा महिना चालू. नळाच्या अर्जावर पहिला अंगठा तिचा होता. तिची सासू नरसम्मा दारात बसून सूत सोडवत होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तेलुगूत काहीतरी विचारलं.

"तुमाला पोरं किती म्हणती सासूबाई," राजव्वा म्हणाली.

"एकही नाही," मी म्हटलं, आणि तक्ता उघडला. "तुला किती झाली?"

"एक. ह्यो की." मागाच्या खड्ड्याशी तीन वर्षांचा मुलगा खेळत होता.

"गेलं कुणी?"

"न्हाय."

सगळ्या ओळीत हेच. झालेली दोन, हयात दोन. झालेली तीन, हयात तीन. फार तर एखाद्या घरी देवीनं गेलेलं पोर. संध्याकाळी डॉक्टरसाहेब खूश. "पाहिलंत? अर्जात उगाच आरडाओरड आहे. विहीर इतकी काही वाईट दिसत नाही." मीही मान डोलावली. शहाणी ना मी!

तिसरा दिवस

सूचना म्हणून सांगते: वैशाखात सोलापुरात फिरायचं तर डोक्यावर ओलं फडकं आणि जवळ पाणी हवंच. माझा तांब्या अकरालाच संपला. राजव्वाच्या दारावरून जाताना पायरीवर टेकले आणि पाणी मागितलं. ती रांजणाकडे गेली, लोटा हातात घेतला आणि परत ठेवला.

"हे नगा पिऊ बाई. फुडच्या वळीतनं नळाचं आणते. आमची पोरं ह्या पाण्यानंच गेली की."

"कोणती पोरं?" मी ताडकन उठले. "गेलं कुणी नाही म्हणालीस ना काल?"

"न्हाय म्हंजे… त्यांची नावं न्हवती ठेवली."

"म्हणजे झाली होती?"

"व्हय. तीन."

मी परत पायरीवर बसले. राजव्वानं मला नीट समजावून सांगितलं, एखाद्या बुद्दू मुलीला सांगावं तसं. त्यांच्याकडे एकविसाव्या दिवशी बाळाला पाळण्यात घालतात आणि नाव ठेवतात. तोवर ते बाळ घरातलं नव्हे, पाहुणं. तोवर गेलं तर त्याचं सुतक नाही, रडणं नाही. घरामागे पुरायचं आणि दुसऱ्या दिवशी रहाटावर बसायचं. पोरं किती झाली असं कुणी विचारलं तर त्यांना धरायचं नाही. मी विचारलं, तिनं सांगितलं. खोटं कुणीच बोललं नव्हतं.

"पहिले काही दिवस काय पाजता?"

"तीन रोज आईचं दूध देत न्हाईत. साखरपाणी. बोळ्यानं."

"ह्या पाण्याचं?"

"मग आनि कुटलं?"

एक सहाव्या दिवशी गेलं, एक नवव्या, एक चौदाव्या. हगवणीनं. सांगताना तिचा आवाज सरळ होता. तेलमिठाचं सांगावं तसा. मला मात्र इतका संताप आला की लेखणीचं टोक तक्त्यातून आरपार गेलं. कुणावर चिडू? तीन दिवस आईचं दूध न देणाऱ्या रीतीवर? आमच्या पुण्यातल्या घरांतही मध-पाणी पाजतातच की. फरक इतकाच, की आमच्या घरी नळ आहे. मी चिडले त्या तक्त्यावर. विहिरीचं पाणी ज्या दिवसांत पोर मारतं, नेमकं त्याच दिवसांत त्या पोराला नाव नसतं. म्हणजे विहिरीनं मारलेली पोरं सोडून बाकी सगळी आम्ही मोजत होतो!

दुपारभर भरलेली घरं पुन्हा पालथी घातली. दारात उभं राहून एवढंच विचारलं, "नाव ठेवायच्या आधी गेलेलं कुणी?" बायका आधी दचकायच्या, मग आत बोलवायच्या. दोन, एक, चार. मागच्या ओळीत एकही पान कोरं राहिलं नाही. पुढच्या ओळीत, जिथं नळाचं पाणी पोचतं, तिथं क्वचित कुठे एखादं.

चौथा दिवस

कागद घेऊन सकाळीच डाकबंगल्यावर गेले. डॉक्टरसाहेबांनी शांतपणे वाचलं.

"ह्या ओळींत नाव नाही, बाई."

"नव्हतंच ठेवलेलं. तेच तर सांगतेय!"

"मग जन्म खरा कशावरून? दाखला नाही, नाव नाही. परवा 'कुणी गेलं नाही' म्हणणारी बाई काल तीन गेली म्हणते. मी संस्थेला काय तोंड दाखवू? शास्त्रात अदमास चालत नाही."

"साहेब, पुढची ओळ आणि मागची ओळ शेजारी ठेवून तर बघा."

"नावाशिवाय नोंद नाही," त्यांनी सूचनेवर बोट ठेवलं. "आणि आपण परवा निघतोय."

मला जे म्हणायचं होतं ते छापण्याजोगं नव्हतं, म्हणून कागद गोळा करून निघाले. रस्ताभर मात्र मनातल्या मनात बोलत होते. हा माणूस बोटीनं सातासमुद्रापार जाऊन आला, पण डाकबंगल्यापासून मैलभर चालून विहिरीत वाकायला त्याला सवड नाही! आणि आम्ही बायका? बारशाची घुगरी खाताना, त्याआधी गेलेल्यांचं कुणी नाव काढलंय कधी?

राजव्वाला मी सगळं सरळ सांगितलं. नावं नाहीत म्हणून पोरं धरत नाहीत, पोरं धरली नाहीत तर नळ येत नाही.

ती कांडी भरत होती. रहाट थांबवून म्हणाली, "नाव पायजे व्हय? मग ठिवू की."

मला आधी समजलंच नाही. नरसम्माला मात्र समजलं. ती हातातलं सूत टाकून उभी राहिली. "वद्दू, वद्दू!" म्हणत तिनं दोन्ही हात आडवे केले, आणि मग माझ्यासाठी मोडक्या मराठीत म्हणाली, "गेलेल्याला नाव द्याचं न्हाय! नाव दिलं की ते दारात येतंय. हाक मारतंय."

"येऊ द्या की," राजव्वा म्हणाली. "तहानलेलंच येईल. नळ आला तर पाणी घालू."

पाचवा दिवस

दुपारी माग बंद ठेवून मागच्या ओळीतल्या बायका बोळात जमल्या. खळ लावायचे बांबू बाजूला सारले होते. पुरुष दारांतून बघत होते, एकही जण पुढे आला नाही की नको म्हणाला नाही. पाळणा नव्हता, घुगऱ्या नव्हत्या. मी पाटावर तक्ते घेऊन बसले.

पहिली राजव्वा. "सहाव्या दिसाचा, पोरगा. मल्लेश." मी लिहिलं. "नवव्या दिसाची, पोरगी. अंबू." लिहिलं. तिसऱ्याला ती अडली. तिला नाव सुचेना. शेजारणीनं एक सुचवलं, दुसरीनं दुसरं. राजव्वा मान हलवत राहिली आणि एकदम ओक्साबोक्शी रडायला लागली. तीन बाळंतपणांचं रडू होतं ते. कुणी तिला गप्प केलं नाही. रडता रडताच म्हणाली, "राजलिंग. बाळसेदार होता बाई, लई बाळसेदार."

मग एकेक पुढे येत गेली. कुणी पटकन सांगे, म्हणजे नाव कधीचं मनात ठरलेलं असणार. कुणी नवऱ्याकडे बघे. एकीनं दोघांना एकच नाव दिलं, दुसऱ्यांदा आपलं पहिलंच परत आलं होतं म्हणाली. मी तसंच लिहिलं.

नरसम्मा सगळा वेळ दारात पाठ करून बसली होती. बायका संपत आल्या तेव्हा ती उठली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि दोन बोटं दाखवली. वय सत्तरीचं. तिनं दोन नावं सांगितली, अगदी हळू. तक्त्याला एवढी जुनी मुलं नको होती. तरी मी लिहिली.

मग ती माझ्यासमोर खाली बसली.

"बाई, तुमचं?"

"मी सांगितलं ना, मला एकही नाही."

"नाव ठेवलेलं न्हाय," ती म्हणाली. "त्याच्या आधीचं इचारते."

मी लेखणी तक्त्यावर ठेवली. बारा वर्षं झाली होती. मुलगा. नऊ दिवसांचा. बारशाला तीन दिवस राहिले होते. पुढे त्याचे वडीलही गेले, आणि त्यानंतर कुणी विचारलं की मी "एकही नाही" म्हणत आले. इतकं सराईतपणे, की नऊ रात्री त्याला कुशीत घेऊन झोपले होते हे मलाच खोटं वाटायला लागलं होतं. आणि ह्या बायांच्या अंगावर मी ओरडले होते, गेलं कुणी नाही म्हणालीस ना म्हणून!

"माधव," मी म्हटलं. मोठ्यानं कधीच म्हटलं नव्हतं. नरसम्मानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि राजव्वानं नळाचं पाणी आणून दिलं.

सहावा दिवस

निघण्याआधी डॉक्टरसाहेबांपुढे तक्ते ठेवले. त्यांनी पानं उलटली. प्रत्येक ओळीत नाव, मुलगा-मुलगी, वय दिवसांत.

"ही नावं काल ठेवलेली आहेत, बाई."

"नाव कधी ठेवलं, असा रकाना तुमच्या तक्त्यात नाही, साहेब."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग सगळ्या पानांवर सही केली. तेवढं श्रेय मी त्यांना देते, त्याहून अधिक नाही.

परतीच्या गाडीत कुर्डुवाडीला पुन्हा तेच दोघे पाणीवाले, तोच नळ. इथं एका नळाच्या पाण्याला दोन धर्म लावायला माणसं नेमली आहेत, आणि तिथं एक नळ द्यायला मेलेल्या पोरांची बारशी करावी लागतात! शेजारच्या बाईनं विचारलं, "काय झालं हो?" तिला काय सांगणार, डोकं माझं!

पुण्यात

शेंगांची चटणी वहिनीला फार आवडली. मागावरून आणलेलं लुगडंही आवडलं. रात्रीची भांडी आवरताना मी तिला माधवचं सांगितलं, म्हणजे नावाचं. ती हात पुसत माझ्याजवळ बसली. "त्याच्या टोपड्यावर मी मोती लावत होते," म्हणाली. "अर्धे झाले होते. ते मी टाकलं नाही, वन्सं. पण तुला दाखवायचं धाडसच झालं नाही बघ." आम्ही दोघी मग खूप रडलो. बारा वर्षांनी.

श्रावणात संस्थेचं पत्र आलं. माझे आभार मानले होते. विणकरवस्तीचे तक्ते नगरपालिकेकडे पाठवले असून नळाचा प्रश्न 'विचाराधीन' आहे, असं कळवलं होतं. विचाराधीन! मल्लेश, अंबू, राजलिंग, सगळे एकाच फायलीत विचाराधीन.

आणि दसऱ्याच्या आधी राजव्वाचं कार्ड आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. मुलगी झाली. पहिल्या दिवसापासून अंगावर पाजते. सासू स्वतः पुढच्या ओळीतून पाणी आणते, उकळते, मगच घरात घेते. नळ आलेला नाही, नुसता खड्डा खणून ठेवलाय. शेवटी लिहिलं होतं: 'एकवीस दिवस थांबलो न्हाय. जन्मली त्याच दिवशी नाव ठिवलं, नागमणी. काय झालंच तर मोजतील म्हणून.'

चूल फुंकता फुंकता ती शेवटची ओळ वाचली, आणि पुन्हा वाचली. आई आपल्या लेकीला नाव ठेवते ते हाक मारायला, की सरकारी तक्त्यात भरायला?

तर मंडळी, सोलापूरला जाणाऱ्यांना माझं सांगणं थोडक्यात आहे. पॅसेंजरनं जा. सिद्धेश्वर पहाटे करा. लुगडी थेट मागावरून घ्या, चांगली मिळतात आणि विणणाऱ्याच्या हातात पैसा पडतो. आणि एका सकाळी भवानी पेठेच्या पलीकडे जाऊन मागच्या ओळीतलं सातवं घर विचारा. दारात एक म्हातारी असेल. तिच्या मांडीवर जी मुलगी असेल तिला नावानं हाक मारा, आणि त्या खड्ड्यात नळ बसला की नाही, तेवढं मला कळवा.